एक कोटी साठ लाख आणि पाणीवाले काका

जानेवारीतला दुसरा रविवार, वेळ संध्याकाळी साडेपाच, जागा आमच्या वॉर्डातलं समाजमंदिर. रक्कम एक कोटी साठ लाख रुपये. हजर माणसं एकेचाळीस, त्यात बाया सहा. रक्कम हजर नव्हती, ती शासनाकडे मागायची होती. पण ठराव वाचताना नगराध्यक्ष त्या आकड्यापाशी आले तेव्हा सगळे असे गप्प झाले, की जणू पैसे समोरच्या टेबलावर मोजून ठेवले आहेत. त्या शांततेत मागच्या भिंतीजवळून एक हात वर आला. पंजा उघडा, बोटं जुळलेली.

"आधी ऐकू द्या," पाणीवाले काका म्हणाले.

कुणीच बोलत नव्हतं, त्यामुळे थोडा हशा झाला. पण तो हात आणि ते शब्द आमच्या गावात कुणाला नवीन नव्हते. सभेत पुढं काय झालं ते सांगतोच. आधी माणूस सांगतो, नाहीतर ती सभा तुम्हाला कळायची नाही.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यातलं, तालुक्याचं. काका आमच्या नगरपंचायतीचे व्हॉल्व्हमन. त्यांना नाव होतं, हजेरीपटावर ते लिहिलेलंही असणार, पण वापरलेलं मी ऐकलं नाही. खांद्यावर चार फुटांची लोखंडी चावी, वर आडवी मूठ, आणि सायकल. रस्त्यातलं झाकण उघडून चावी आत घालायची आणि फिरवायची, की त्या गल्लीला पाणी. चावीचा दुसरा उपयोग त्यांचा स्वतःचा होता. जमिनीखाली पाइप गळतो आहे अशी शंका आली की ते चावीचं टोक रस्त्यावर टेकवायचे, गुडघ्यावर बसून मूठ कानाला लावायचे आणि डावा हात वर करायचे. मग रिक्षावाल्यानं इंजिन बंद करायचं, पोरांनी चेंडू हातात धरायचा. मिनिटभर सगळी गल्ली जमिनीकडं बघत राहायची. काका उठायचे, टाचेनं मातीत फुली काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिथं खोदलं की पाणी सापडायचं.

एकदा त्यांनी वरात थांबवली होती. नवरदेव घोड्यावर, बँड ऐन भरात, आणि काका घोड्याच्या पायाशी चावी टेकवून बसलेले. "आधी ऐकू द्या." बँडवाल्यानं आपल्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल, पण तोही थांबला. नवरीकडची माणसं मांडवात घड्याळ बघत होती. दीड मिनिटानं काका उठले आणि नवरदेवाला म्हणाले, "जाऊ द्या घोडा. पाइप चांगला हाये. तुमचा ढोलच फाटेल हाये."

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे आणि घरी एक वही ठेवतो. नळाला पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, एवढंच तीत असतं. सभेच्या वेळी तिला चौदा वर्षं झाली होती. बायको म्हणते, दुसऱ्यांच्या नवऱ्यांना पत्त्यांचा नाद असतो, तो परवडला, त्यात निदान चार माणसं भेटतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी काकांना दारात थांबवून वही दाखवायचो. अमुक दिवशी चार मिनिटं कमी, तमुक दिवशी तीन. ते सायकलवरून न उतरता ऐकायचे.

"भाऊ, तुमचं घड्याळ पुढं हाये."

मी सांगायचो, घड्याळ मोबाइलशी जुळवलेलं आहे.

"मंग मोबाइल पुढं हाये," असं म्हणून ते पायडल मारायचे.

पाणी कुणाला किती, याचे त्यांचे कायदे होते आणि ते कुठंही लिहिलेले नव्हते. लग्नाला ते जास्तीचं पाणी द्यायचे नाहीत, कितीही मोठा माणूस सांगायला आला तरी. लग्नाची तारीख सहा महिन्यांपासून मालूम असते, टँकर सांगावा, असं त्यांचं म्हणणं. मयतीच्या घरी मात्र पाण्याची पाळी नसली तरी तासाभरात नळ वाहायला लागायचा. कुणी सांगायला गेलेलं नसायचं. मी त्यांना विचारलं होतं, हे नियमात बसतं का. ते म्हणाले, "मरनाची तारीख कोनाले मालूम राह्यते, भाऊ?" माझ्या वहीत त्या दिवसांपुढं मी 'पाळी नसताना' असं लिहीत असे. आता वाटतं, तो शेरा जरा कोरडाच होता.

आता नदीची गोष्ट. आमची नदी पावसाळ्याचे चार महिने नदी असते. बाकीचे महिने तिच्यात बेशरमाची झुडपं, कपडे धुण्याचे दगड आणि गावाच्या नाल्यांतून येईल ते. या नदीच्या काठानं फरसबंद वाट करायची, दिवे लावायचे, बाकडी ठेवायची, कारंजं बसवायचं, अशी एक योजना आली. दुसरी योजना होती जुना पाइप बदलून नवी पाणीवाहिनी टाकायची आणि नाल्यांना गटारं बांधायची. प्रस्ताव एकाच कामाचा पाठवायचा होता. दुसरं 'पुढच्या वर्षी'. हे पुढचं वर्ष आमच्या गावात मी नोकरीला लागल्यापासून चालू आहे.

वाटेच्या योजनेचं एक चित्र बसस्टँडसमोर लावलं होतं, फलकावर. त्यात नदी निळीशार, तुडुंब, तीत बदकं. काठानं गोरीगोरी माणसं कुत्रं घेऊन चाललेली. आमच्या गावात कुत्र्याला कुणी दोरी लावून फिरवत नाही, ती स्वतःच फिरतात. काका रोज संध्याकाळी सायकल टेकवून त्या चित्रापुढं उभे राहायचे. एकदा मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी चावीच्या टोकानं चित्रातली नदी दाखवली. मग म्हणाले, "भाऊ, याच्यात पानी कोन सोडनार हाये?"

मला वाटलं, चला, हा माणूस आपल्या बाजूचा. कारण मी पक्का पाइपवाला. आधी पाणी, मग गटार, मग जमलं तर बदकं, असा माझा साधा हिशेब. पण काका वाटेच्या बाजूचे निघाले. आमची यावर तीन-चारदा जुंपली. मी म्हणायचो, तुम्ही पाणीपुरवठ्याचे असून असं कसं बोलता? ते म्हणायचे, "पानी तं मी देऊनच राह्यलो ना. पायाखाली सरकी जागा कोन देते?" सरकी म्हणजे सरळ, सपाट. मला ते हट्टी वाटले. सरकारी माणसाला कारंज्याचा मोह पडतोच, असंही मी बायकोजवळ बोललो.

मग सभेच्या आधीच्या आठवड्यात ते घरी आले. चप्पल दाराशी काढून, चावी भिंतीला टेकवून, खुर्चीच्या टोकावर बसले. वाटेवरची बाकडी लोकांनी द्यायची होती, एका बाकड्याचे पाच हजार, आणि ते पैसे जमा करायचं काम नागरिक समितीनं माझ्यावर टाकलं होतं. मी पाइपवाला असूनही टाकलं, कारण माझ्याकडं पैसे हलत नाहीत. काकांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. पाचशेच्या दहा नोटा.

नाव काय टाकायचं, मी विचारलं. बाकड्याच्या पाठीवर देणाऱ्याचं नाव येणार होतं. ते म्हणाले, नाव नको. मग कुठं ठेवायचं, ते त्यांनी बरोबर सांगितलं. जुन्या पंपघराच्या अलीकडं वळण आहे, तिथं.

काकूंचे गुडघे गेले होते. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास चालवा, पण सपाट जागेवर. खड्ड्यात पाय पडला तर उरलंसुरलंही जाईल. काकांनी गावभर सपाट जागा शोधली. गावातला प्रत्येक रस्ता कधी ना कधी त्यांनीच फुली मारून खोदायला लावला होता. ते म्हणाले, "म्याच खोदले, अन् आता तिले चालाले जागा नाई." नदीकाठची वाट झाली असती तर घरापासून पंपघर बरोबर पंधरा मिनिटं. बाकड्यावर दम खायचा आणि परत. हिशेब माझ्यापेक्षा नीट केलेला होता.

"तिले सांगू नका," जाताना म्हणाले. "आज सांगतलं तं उद्याच म्हनन, चाला, दाखवा."

त्यांच्या पगारात पाच हजार म्हणजे काय, ते मी मनात मांडून पाहिलं आणि पावती लिहिली. माझं पाइपाचं मत बदललं नाही, पण त्या दिवसापासून मी त्यांच्याशी वाद घालणं बंद केलं.

आता सभा. आधी मी बोललो. पाइप किती जुना, दर वर्षी दुरुस्तीवर किती खर्च, सगळं कागदावर आणलं होतं. माझं झाल्यावर कापड दुकानवाले शेठ उठले. ते वाटवाले.

"भाऊसाहेब, तुमची ती वही आहे ना, पाण्याची? तिच्यात गेल्या वर्षी पाणी किती मिनिटं आलं?"

"सरासरी अडतीस."

"अन् वही सुरू केली तवा?"

मी उत्तर टाळू शकलो असतो. पण वही आहे ती आहे. "अडतीस," मी म्हणालो.

सभा खळखळून हसली. शेठनी हात जोडले आणि म्हणाले, "मंग भाऊ, चौदा वर्षांत ज्या पाइपाचं एक मिनिट कमी नाही झालं, त्याला कशाला उकरता?" मी खाली बसलो. शेजारच्या माणसानं माझ्या पाठीवर थाप मारली, जशी हरलेल्या पहिलवानाच्या पाठीवर मारतात. नगराध्यक्षांनी नदीकाठच्या वाटेचा ठराव वाचायला घेतला, आकड्यापाशी आले, आणि तेव्हा तो हात वर झाला.

काका कधीही सभेत बोललेले नव्हते. नोकर माणसानं बोलू नये, असा त्यांचा नियम. भिंतीला पाठ लावून, चावी समोर उभी धरून ते बोलले, आणि बहुतेक वेळ त्या चावीकडंच बघत होते.

"भाऊची वही खरी हाये. पन थे भाऊच्या नळाची वही हाये. खालच्या वस्तीची वही कोनी ठेवली नाई."

खालची वस्ती म्हणजे नदीच्या उताराची साठेक घरं. भाजी लावणारी, मजुरीला जाणारी. त्यांचं पाणी आमच्याच पाइपातून, आमच्यानंतर जातं. हे मला माहीत होतं. चौदा वर्षांत मी एकदाही तिथं जाऊन घड्याळ लावलं नव्हतं.

मग काकांनी सांगितलं की मोठा पाइप नदीच्या काठानंच जातो, जिथं वाट होणार तिथूनच, आणि नकाशात तो नाही कारण नकाशाच नाही. "त्या पाइपाले म्या अकरा ठिकानी सायकलची ट्यूब बांधून ठेवली हाये."

इंजिनिअरसाहेब नवे होते. त्यांनी विचारलं, हे कळवलं का नाही. काका म्हणाले, कळवलं होतं, त्यांच्या आधीच्या साहेबांना, आणि त्यांच्याही आधीच्या. तोंडी. लिहिणं काही त्यांचं काम नव्हतं. गळती वाळूत जिरते, वर दिसत नाही. गळून उरतं त्यातून आधी वरच्या गल्ल्या भरायच्या, म्हणजे आरडाओरडा होत नाही. खाली जाईल ते जाईल. इतकी वर्षं असंच चालवलं. हे सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. ज्या माणसाच्या कानाचं गावाला कौतुक, तो भरसभेत सांगत होता की गावाचं पाणी आपण रबराच्या पट्ट्यांवर चालवलं, आणि ज्यांना ओरडता येत नाही त्यांचं कापलं.

"नऊ मिनिटं जाते त्याईले," ते म्हणाले.

बायांमध्ये एक भाजीवाल्या मावशी होत्या, खालच्या वस्तीतल्या. सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी घेऊन रोज आमच्या दारावरून जातात. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "नऊ कुठचे, काका? सात."

त्यांचं घड्याळ मागं आहे, असं काका म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. काका म्हणाले, "सात असतीन."

मिनिटांच्या बाबतीत त्यांनी हार मानलेली मी पाहिलेली ही एकच वेळ.

"वाट झाली पाह्यजे," ते पुढं म्हणाले. "मले बी पाह्यजे. पन आधी वाट केली तं रोलर फिरन, पाइप फुटन, अन् वरून सिमेंट. मंग म्या कान लावला तरी ऐकू येनार नाई. खालच्या वस्तीचं पानी बंद झालं तं कोनाले समजनच नाई."

त्यांनी 'मले बी पाह्यजे' म्हटलं ते सभेनं सहज म्हटलं असं धरलं. किती पाहिजे होतं, ते तिथं मला एकट्याला माहीत होतं. माझ्या कपाटात पाकीट होतं.

हात वर करून मतं घेतली. मोजायचं काम अर्थात माझ्याकडं. पाइप आधी, एकवीस. वाट आधी, सतरा. दोघं चहाला बाहेर गेले होते. आणि काकांनी हात कुठंच वर केला नाही. "मी नोकर मानूस," म्हणाले. म्हणजे एकेचाळीस बरोबर जुळले.

बाहेर मी त्यांना गाठलं आणि हळूच विचारलं, पैसे परत देऊ का. ते म्हणाले, "राहू द्या तुमच्यापाशी. पुढच्या वर्षी वाट हायेच ना." नगराध्यक्षांनी तसं सांगितलं होतं. माझ्याकडं पुढच्या वर्षाचे आकडे होते, पण मी ते काढले नाहीत.

उन्हाळ्यात नवी लाइन पडली. जुना पाइप जेसीबीनं वर काढला तेव्हा काका आणि मी काठावर उभे होतो. मी ट्यूबच्या गाठी मोजल्या. चौदा निघाल्या.

"अकरा म्हणाला होता," मी म्हणालो.

"तीन सांगाची लाज वाटली."

वाट पुढच्या वर्षी झाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बसस्टँडसमोरच्या फलकाचा रंग उन्हानं उडत गेला. आधी बदकं गेली, मग कारंजं, शेवटी फक्त ते कुत्रं राहिलं. मी इतरांचे बाकड्यांचे पैसे सही घेऊन परत केले. काका काही न्यायला आले नाहीत, आणि मीही मागं लागलो नाही.

सपाट जागा त्यांनी दुसरी शोधली. पाण्याच्या उंच टाकीभोवती नगरपंचायतीनं काँक्रीट टाकलेलं आहे, भोवती भिंत, फाटकाला कुलूप. किल्ली काकांकडं. आत बाहेरच्या माणसाला मनाई, तसा बोर्ड आहे. सकाळी फिरायला जाताना मी फाटकातून बघायचो. काकू पदर खोचून टाकीभोवती गोल गोल चालत असायच्या, आणि काका पायरीवर बसून फेऱ्या मोजायचे. एकदा आतून वाद ऐकू आला. काका म्हणत होते बारा झाल्या, काकू म्हणत होत्या पंधरा. "तुमाले गळका पाइप दोन गल्ल्यांवरून ऐकू येते, अन् बायको समोरून गेलेली दिसत नाई," काकू म्हणाल्या. मला पाहून काकांनी बोर्डाकडं बोट दाखवलं. बाहेरच्या माणसाला मनाई.

निवृत्त झाल्यावर किल्ली द्यावी लागली. पुढच्या भाद्रपदात काका गेले. सकाळी चहा मागितला आणि तो येईपर्यंत गेले. त्यांच्या गल्लीची पाळी नव्हती त्या दिवशी. नव्या व्हॉल्व्हमननं कुणाला न विचारता पाणी सोडलं, पन्नास मिनिटं. मी वहीत ते टिपलं, पण शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. रकाना कोरा ठेवला.

काकू लेकीकडं कारंजा गावाला गेल्या. दिवाळीनंतर मी पाकीट घेऊन एसटीनं गेलो. गुडघ्याला पट्टा बांधून त्या ओट्यावर गहू निवडत होत्या. मी पाकीट समोर ठेवलं तर म्हणाल्या, "हे कायचे पैसे?"

सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं नाही. बाकडं नेमकं कुठं होणार होतं, ते दोनदा विचारलं. मी बोटानं ओट्यावर नदी काढली, वळण काढलं, पंपघर काढलं.

"तिथं तं दुपारून ऊन येते," काकू म्हणाल्या.

मी म्हणालो, संध्याकाळी बसला असता.

"म्या बसली असती. थे कुठचे बसतात. दोन मिनिटांत उठून पाइप ऐकाले गेले असते." मग थोडा वेळ गहू निवडले. खडे बाजूला काढले. "मले कई बोलले नाई," असं त्या गव्हाकडं बघूनच म्हणाल्या. लेक चहा घेऊन आली आणि आईकडं पाहून कप ठेवून आत गेली.

चहा संपल्यावर त्यांनी विचारलं, "खालच्या वस्तीत येते का आता पानी?"

"येतं. एक दिवसाआड. सव्वीस मिनिटं." मी आता दोन वह्या ठेवतो. खालची वेळ भाजीवाल्या मावशी सांगतात, आणि माझ्या घड्याळावर त्यांचा विश्वास नाही.

"सव्वीस," काकू म्हणाल्या. "मंग झालं."

नदीकाठच्या बाकड्याकरता काकांचे जमा असलेले रुपये पाच हजार, पाचशेच्या त्याच दहा नोटा, कारंजा मुक्कामी त्यांच्या पत्नीला रोख दिले. त्यांनी दोनदा मोजले आणि पावतीवर सही केली.